तार गाते तेव्हा

सातपूरच्या शेडमध्ये निरभवणे मास्तरांनी
माझं चित्र आधी उलटं धरून पाहिलं, मग सुलटं,
मग चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले,
"दोन मजली केलंस. भाडेकरू ठेवणारेस का?"

मी हसले नाही.
एकोणीस रात्री जागून काढलेलं चित्र ते.
वर एक पंख, खाली एक पंख,
मध्ये खांब, खांबांमधून तिरक्या तारा.
मला ते वेगवान हवं होतं, आणि देखणंही.
ओझरला एकतीस वर्षं रिवेट ठोकून
एक कान गमावलेल्या माणसाला
देखणं म्हणजे काय, मी कसं सांगणार.

त्यांनी बाइंडिंगची तार तोडली, हातभर.
"चल, मागे बस."
पेठ रोडला, रामशेज दिसू लागल्यावर,
"दोन्ही हातांत ताणून धर. वाऱ्यात."
चाळीसला ती नुसती थरथरली.
साठला गुणगुणली.
ऐंशीला तिने एक लांब सूर धरला
आणि माझी मनगटं मागे जाऊ लागली.
मास्तर न वळता ओरडले,
"गाते ना? फुकट नाही गात.
पेट्रोलमधून कापून घेते.
वेग दुप्पट केलास तर चौपट मागेल."

परतताना, टपरीवर,
सांडलेल्या चहात बोट बुडवून
त्यांनी टेबलावर एक ठिपका काढला,
शेजारी माशासारखा निमुळता आकार,
ठिपक्याच्या दहापट जाड.
"वाऱ्याला हे दोन्ही जवळजवळ सारखेच जड.
तुझ्या चित्रात अठ्ठावीस तारा आहेत."
मी मोजल्या नव्हत्या.

तारा काढते, मी म्हटलं. पंख राहू देत.

मखमलाबादच्या अलीकडे त्यांनी गाडी थांबवली.
द्राक्षांच्या ओळी,
मधून ट्रॅक्टर जाईल एवढी वाट.
"ओळी जवळ आणून बघ.
पान पानाचं ऊन खाईल.
खालच्या पंखाच्या पाठीवर हवा विरळ हवी,
वरच्याच्या पोटाखाली दाट.
आणि हे दोघे तर शेजारी.
एकाचं दाट दुसऱ्याच्या विरळात सांडतं.
ताटं दोन वाढायची, जेवण दीडाचं."

मग जुन्या लोकांना एवढंही कळत नव्हतं?

"कळायला काय! लाकूड होतं, कापड होतं,
इंजिन रडकं.
एकटा लांब पंख मोडून पडला असता.
म्हणून दोन आखूड पंख एकमेकांना बांधले,
पूल बांधतात तसे.
आता अल्युमिनियमचा कणा
पंखाच्या पोटातच मावतो, वाऱ्याला दिसतसुद्धा नाही.
बांधायचं कारण संपलं गं."
आणि किक मारली. दोनदा. तिसऱ्यांदा लागली.

दिवाळीच्या साफसफाईत
मी शेडच्या माळ्यावर चढले.
ताडपत्रीखाली, उंदरांनी कुरतडलेला,
दोन मजली सांगाडा. तारांसकट.
वीस होत्या. या वेळी मोजल्या.

मास्तर खाली शिडी धरून उभे होते.
"त्याला कुठे पोचायचं नव्हतं," म्हणाले,
मी विचारलं नसताना, चांगल्या कानाची बाजू
भिंतीकडे करून.
"गंगापूर धरणावर कोलांट्या मारायच्या होत्या.
छोटे पंख, चटकन वळतात.
घाई नसली की तारा परवडतात."

सीट दोन होत्या.
पुढच्या सीटवर उशी, बारीक जांभळ्या फुलांची,
कुणीतरी हाताने शिवलेली.
मी ताडपत्री होती तशी ओढली.

नवं चित्र एका पंखाचं आहे.
मास्तरांनी ते एकदाच पाहिलं, सुलटं.
"पळेल," म्हणाले.

ती हातभर तार मी फेकली नाही.
शेडच्या खिडकीत दोन गजांना ताणून बांधली आहे.
पावसाळा गेला, पांडवलेण्यांकडून
संध्याकाळचा वारा येतो, कॅलेंडर फडफडतं.
ती अजून एकदाही गायली नाही.
तिला निदान साठ लागतात.